घरटी एक माणूस

तळखारच्या भागोजी ठाकुराला हळू बोलता येत नाही. जन्मभर खाडीच्या बांधावर उभं राहून वाऱ्याच्या तोंडावर ओरडायचं, तर आवाजाला दुसरं वळण लागणार कसं? घरात बायकोकडे मीठ मागितलं तरी शेजारची सगुणा 'आले' म्हणून ओ देते. गावात त्यावरून त्याची पाठीमागे नक्कल होते, पण तोंडावर कुणी काही बोलत नाही. तो आवाज आहे म्हणून गावचा भात वाचतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तळखार हे खारेपाटातलं गाव. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि मध्ये मातीचा लांबलचक बांध. भरतीचं पाणी बांधाबाहेर राहिलं तर जेवायला भात आहे, आत आलं तर पुढची काही वर्षं नुसती खारी माती बघत बसायचं. म्हणून बांधाला कुठे खांड, म्हणजे भगदाड, पडली की जोळ उठतो. जोळ म्हणजे घरटी एक माणूस. घरात लग्न असो, ताप असो, जेवण ताटात वाढलेलं असो, हाक आली की प्रत्येक घरातून एक जण टोपली घेऊन बांधावर पोचलाच पाहिजे. आणि आलेल्या माणसाने निदान एक टोपली माती टाकल्याशिवाय माघारी फिरायचं नाही. फिरला तर ते घर जोळातून गेलं, पुढे त्यांच्या शेतात पाणी शिरलं तर कुणी धावणार नाही. हाक केव्हा द्यायची, माती कुठे टाकायची, कुणी कुठे उभं राहायचं, हे सगळं भागोजी सांगतो. त्याला कुणी निवडून दिलेलं नाही. निवडून आलेला सरपंच मात्र त्याच्या हाकेला चप्पल न घालता पळतो.

अशा माणसाला वाटत असतं की जगातली कुठलीही खांड माणसं जमवली की बुजते. वाटणारच. आजवर त्याच्या बाबतीत तसंच होत आलं होतं.

भागोजीची एकुलती एक मुलगी नेत्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं सासर रेवदंड्याकडे, नवरा गणराज टगबोटीवर कामाला आणि बोट गुजरातच्या बंदरात. मुलगी झाली. बारसं गणपतीतच उरकायचं ठरलं, कारण मुंबईला आणि कारखान्यांत नोकरीला असलेलं सगळं गाव तेव्हाच घरी असतं. नाव ठेवलं रेवा. आणि मग रेवा या हातातून त्या हातात अशी सगळ्या गावात फिरली. पहिला मान अर्थातच आजोबाचा. भागोजीचं नाक त्या दिवशी वाहत होतं आणि घसा खवखवत होता, पण सर्दीला तो आजार मानत नाही. त्याने नातीच्या नाकाला नाक लावलं आणि तिच्या नावाची अशी आरोळी ठोकली की पाहुण्यांपैकी दोघांच्या हातातला चहा सांडला. रडणारी रेवा गप्प झाली आणि आवाज आला त्या बाजूला बघू लागली. जन्मल्यापासून तिचं हे असंच होतं. आईच्या अंगाईला न जुमानणारी पोर आजोबाच्या आरोळीला शांत व्हायची, आणि याचा भागोजीला इतका अभिमान होता की तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला करून दाखवायचा.

गणपती गेले, माणसं पांगली. रेवाचं नाक गळायला लागलं. बाळांना सर्दी व्हायचीच म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग ती अंगावर पिताना मध्येच सोडून धापा टाकायला लागली. एका सकाळी आंघोळ घालताना येसूबाईचा, म्हणजे भागोजीच्या बायकोचा, तांब्यातला हात थांबला. प्रत्येक श्वासाला पोरीच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. नेत्राने कुणाला विचारलं नाही, की देवाचा अंगारा लावायला थांबली नाही. ओलं बाळ पंच्यात गुंडाळलं, बापाचा जुना सोबती सदा, त्याला रिक्षा काढायला लावली आणि सरळ अलिबागला बाळांच्या दवाखान्यात. येसूबाई तिच्याबरोबर रिक्षात बसली, भागोजी मागून मोटरसायकलवर होता.

तिथल्या डॉक्टरीणबाई तेजस्वी पेणकडच्या मिठागरवाल्या घरातल्या. वय फार नव्हतं, पण हातात घाई नव्हती. त्यांनी रेवाला आत घेतलं, नाकात प्राणवायूची नळी लावली, नाकातला शेंबूड बारीक नळीने ओढून काढला आणि थोडा तपासायला पाठवला. तपासणीचं उत्तर आल्यावर बाहेर येऊन त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. आरएसव्ही नावाचा विषाणू फुप्फुसात उतरला होता. अजून थोडा चढ बाकी आहे, त्या म्हणाल्या, आजची दुपार आणि उद्याचा दिवस जड जाईल, मग उतार लागेल. बाळाला दमू द्यायचं नाही, आईचं दूध नळीने पोटात द्यायचं, श्वासाला आधार द्यायचा आणि वाट बघायची. नेत्राने मान डोलावली आणि ती आत जाऊन बसली.

वाट बघायची, हे शब्द मात्र भागोजीच्या कानात शिरून अडकले. शत्रू घरात शिरलाय आणि म्हणे वाट बघा. तो दवाखान्याच्या अंगणात आला, त्याने फोन काढला आणि जन्मभर जे करत आला तेच केलं.

"सदा, जोल उठव. घरटी एक मानूस दवाखान्यात पायजे."

सदा तिथेच चार पावलांवर रिक्षाला टेकून उभा होता. फोनची काही गरज नव्हती. पण जोळ फोनवरूनच उठतो अशी आताशा रीत पडली होती, म्हणून त्याने फोनवर ऐकलं आणि फोनवरच बरं म्हटलं.

दुसरा फोन भागोजीने मेहुण्याला लावला. येसूबाईचा भाऊ रावजी पनवेलकडे ट्रेलरच्या धंद्यात, माणूस मनाने मोठा आणि ओळखी त्याहून मोठ्या. त्याने तिकडून लगेच सांगितलं की एक डॉक्टर त्याच्या खास ओळखीचा आहे, दोन स्ट्राँग इंजेक्शनं मारली की काम फत्ते, एक अँटिबायोटिक आणि एक स्टिरॉइड. पोरीला तिथून उचलायची, तो गाडी घेऊन निघतोच आहे. भागोजी एका पायावर तयार झाला. आता कसं, काहीतरी होतंय असं त्याला वाटलं, आणि त्याने अंगणातल्या नळावर तोंड धुतलं.

तळखारहून टेंपो आला तेव्हा दवाखान्याचा रखवालदार आधी हसला आणि मग गंभीर झाला. घरटी एक माणूस म्हणजे टेंपो खच्चून भरलेला. कुणी शेतातून तसाच आलेला, पोटऱ्यांना चिखल. कुणाच्या हातात नारळ, कुणाकडे पालीच्या बल्लाळेश्वराचा अंगारा. गावातल्या बाळांना धुरी देणाऱ्या मनुबाईने ओवा आणि लसणीची सालं टाकून धुरी द्यायला मातीचं भांडंसुद्धा आणलं होतं. सगळ्यांना एकच पाहिजे होतं. पोरीला एकदा बघायचं, डोक्यावरून हात फिरवायचा, आपली टोपली टाकायची. निम्मे खोकत होते. गणपतीतली सर्दी सगळ्या गावाने वाटून घेतली होती आणि अजून संपवली नव्हती.

डॉक्टर तेजस्वी दारात आल्या. त्यांनी टेंपो बघितला, मनुबाईचं धुरीचं भांडं बघितलं, आणि आत एकही माणूस येणार नाही असं सांगितलं. धूर तर आवाराच्या बाहेरही नको, त्या म्हणाल्या. भागोजीच्या कपाळाची शीर उठली. ही माझी माणसं आहेत, तो म्हणाला, आणि माझ्या एका हाकेवर आली आहेत. हे त्याने नेहमीच्या आवाजात म्हटल्यामुळे वरच्या मजल्याच्या दोन खिडक्या उघडल्या.

डॉक्टर चिडल्या नाहीत. त्यांनी त्याला बाजूच्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

"काका, हा विषाणू तुम्हा-आम्हाला झाला तर नाक गळतं, बस. पण बाळाच्या छातीतल्या शेवटच्या नळ्या भाताच्या काडीपेक्षा बारीक असतात. तिथे तो आतलं अस्तर सोलून काढतो. मग शरीराच्या राखणीच्या पेशी चहूकडून धावत येतात, आणि जरा जास्तच येतात. त्या त्याला मारतात, पण नळीला सूज येते, चिकट पाणी सुटतं, मेलेल्यांचा खच तिथेच साचतो. नळी बुजते ती थोडी शत्रूमुळे आणि बरीचशी आपल्याच माणसांमुळे."

भागोजीने टेंपोतल्या माणसांकडे बघितलं. त्याला एक जुनं वर्ष आठवलं होतं.

ते वर्ष तळखारात सगळ्यांना पाठ आहे, कारण भागोजी ते दर सणाला सांगतो. भर दुपारी उघाडीजवळ बांध फुटला होता. उघाडी म्हणजे आतलं पाणी ओहोटीला बाहेर सोडायची झडप. तीन गावांची माणसं धावली. जो तो टोपली ओतत होता, कुणी कुणाचं ऐकत नव्हतं, आणि खांड बुजली. पण त्या मातीत उघाडीचं तोंडही बुजलं. ओहोटी लागली, खाडी मागे हटली आणि आत शिरलेलं खारं पाणी मात्र जायला वाट नाही म्हणून शेतात उभं राहिलं. भात फुटलेल्या बांधाने मेला नाही, त्या साचलेल्या पाण्याने मेला. तरुण भागोजीने आणि सदाने शेवटी हाताने चिखल उपसून उघाडीचं तोंड मोकळं केलं, आणि गोष्ट सांगताना तो ते उपसणं अगदी रंगवून सांगायचा. माती ओतणाऱ्यांत आपणही होतो, हे त्याने कधी लपवलं नव्हतं. पण त्यावर थांबायची गरजही कधी पडली नव्हती. आज तो त्यावर थांबला.

मग त्या पेशींना थांबवा, तो म्हणाला. त्याचं तसं औषध असेलच, माझा मेहुणा एक स्टिरॉइड आणि एक अँटिबायोटिक म्हणतोय.

"आहे. तुमच्या मेहुण्यांनी सांगितलं तेच, स्टिरॉइड. पुष्कळ बाळांना देऊन पाहिलं गेलंय, या आजारात त्याने बाळ लवकर बरं होत नाही. अँटिबायोटिक तर विषाणूला लागतच नाही. आणि त्या पेशी आपल्याला हव्याच आहेत. विषाणू त्याच घालवणार. आपण फक्त नाकाची वाट मोकळी ठेवायची, श्वासाला जोर द्यायचा आणि त्यांचा गोंधळ निवेपर्यंत बाळाला दमू द्यायचं नाही. हे मला येतं, काका. रोज करते."

शेवटचं वाक्य त्यांनी अगदी साधं म्हटलं. भागोजीला ते ओळखीचं वाटलं, कारण बांधावर उभा राहून तोही असंच बोलतो. त्याने विचारलं की सगळ्याच पोरांच्या छातीत एवढी गर्दी का होत नाही. तेवढं मात्र अजून नीट कळलेलं नाही, डॉक्टर म्हणाल्या. एका बाळाच्या पेशी बेताने येतात आणि दुसऱ्याच्या उसळतात, ते का, हे शोधायलाच नेत्राच्या परवानगीने रेवाच्या नाकातलं उरलेलं पाणी मुंबईच्या प्रयोगशाळेत जाणार आहे.

आणि तिला हे आलं कुठून, भागोजीने विचारलं. विचारतानाच त्याला खोकला आला.

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं. मोठ्यांच्या सर्दीतूनच येतं, त्या म्हणाल्या, बारशाला बाळ कुणाकुणाच्या हातात गेलं असेल. मुद्दाम कुणी देत नाही, पण म्हणूनच आज यातलं कुणी आत नको. भागोजीने मान खाली घातली. त्याला नाकाला लावलेलं ते इवलं नाक आठवलं. रडावं असं वाटलं, पण समोर सगळा जोळ उभा होता.

तेवढ्यात नेत्रा काचेच्या दारापाशी आली. दोन दिवस विंचरलेली नसावी, पण ताठ उभी होती. दार तिने हाताच्या रुंदीएवढंच उघडलं.

"बाबा, यांना परत न्या. मी सांगीन तर कोनी ऐकनार नाय. तुमी सांगाल तर सगले ऐकतील."

"आलेल्या मानसाला रिकामा कसा फिरवू गं?"

"मग काम द्या त्यांना. पन हितं नको."

दार बंद झालं. भागोजी बाकावरून उठला. जोळ उठवणं त्याला येत होतं, माती टाकायला लावणं येत होतं. जमलेला जोळ काही न करता परत पाठवणं त्याने कधी केलं नव्हतं, आणि त्याच्या बापानेही केलं नव्हतं. टोपली न टाकता फिरलेलं घर जोळातून जातं. आज सगळंच गाव जोळातून जायची पाळी आली होती.

पण अमावास्या तोंडावर होती. पितृपक्षातल्या अमावास्येचं उधाण मोठं असतं, आणि उघाडीच्या अलीकडे खेकड्यांनी बांध पोखरून ठेवला होता. भागोजी ते काम पुढच्या आठवड्यावर ढकलत होता. तो टेंपोच्या फळीवर चढला.

त्याने सांगितलं की पोरीच्या छातीत आपल्यासारखीच माणसं जमली आहेत आणि त्यांच्या गर्दीनेच तिचा श्वास कोंडलाय. आणखी माणसं आत गेली तर ती मरेल. ज्याला तिच्यासाठी टोपली टाकायची असेल त्याने ती उघाडीच्या अलीकडे टाकावी, ती इथेच पोचली असं मी धरीन. मनुबाईने विचारलं की निदान अंगारा तरी. अंगारा त्याने घेतला आणि खिशात ठेवला. नेत्रा बाहेर आली की देईन म्हणाला. धुरीचं भांडं मात्र त्याने टेंपोत परत ठेवायला लावलं, आणि मनुबाईनेही ते मुकाट्याने ठेवलं. सदाने विचारलं की बांधावर माती कुठे पडायची ते कोण सांगणार. तू सांग, भागोजी म्हणाला. आजवर त्याच्याशिवाय बांधाला मूठभर माती लागली नव्हती. सदा त्याच्याकडे बघतच राहिला आणि मग टेंपोच्या पुढच्या सीटवर जाऊन बसला.

टेंपो गेला आणि दुपारी रावजीची गाडी आली. नेमक्या त्याच वेळी आत रेवाची हालत ढासळली होती. श्वास इतके वेगाने चालले होते की मोजता येईनात, आणि मध्येच ती थकून गप्प पडायला लागली होती. दोन सिस्टर आत धावल्या. काचेतून भागोजीला दिसलं की डॉक्टरांनी साधी नळी काढून दुसरी, जाड नळी लावली. त्या यंत्रातून कोमट, ओली हवा जोराने नाकात जात होती, म्हणजे बुजलेल्या नळ्या आतून उघड्या राहतील आणि पोरीला स्वतःला ओढावं लागणार नाही. ते भागोजीला नंतर सांगण्यात आलं. त्या क्षणी त्याला फक्त एक इवलासा पाय दिसला, आणि तो हलत नव्हता.

रावजी त्याच्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याचेही डोळे भरले होते. माणूस वाईट नाही, बहिणीची नात म्हणजे त्याची नात.

"दाजी, बघताय ना? गाडी चालू हाय. बोला, उचलू. अजून टाइम हाय आपल्याकडे."

येसूबाई कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसली होती. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि रावजीही, आणि दाराशी आलेला रखवालदारसुद्धा. काहीतरी कर, असं भागोजीचं सगळं अंग ओरडत होतं. टोपली दिसेल ती उचल आणि ओत. पोरीला उचलून या गाडीत घातली असती तर निदान हात कामाला लागले असते, आणि तासभर तरी बरं वाटलं असतं. पण गाडीत ती हवा देणारं यंत्र नव्हतं. पलीकडे दोन इंजेक्शनं होती, जी कामाची नाहीत असं रोज हे काम करणाऱ्या बाईने त्याला बाकावर बसून समजावून सांगितलं होतं. आणि आत नेत्रा होती. ती बाळापासून हलली नव्हती, तिने बाहेर कुणाला हाक मारली नव्हती. एक हात पोरीच्या डोक्याशी आणि नजर डॉक्टरांच्या हातांवर. घाबरलेली होती, पण तिने ठरवलेलं होतं.

"गारी बंद कर, रावजी," भागोजी म्हणाला. "आपून आता काय करायचं नाय."

हे त्याने हळू म्हणायचा प्रयत्न केला होता. आतल्या सिस्टरने तरीही दारातून डोकावून बोट ओठांवर ठेवलं.

रावजी बराच वेळ बडबडला. नंतर काही झालं तर मला बोलू नका, इथपर्यंत गेला. भागोजी बाकावर बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसून राहिला. बांधावर जन्म काढलेल्या माणसाला त्या दुपारी जेवढे कष्ट पडले तेवढे कुठल्याच उधाणात पडले नव्हते. थोड्या वेळाने रावजीही शेजारी बसला आणि किल्ली खिशात टाकून त्याने बहिणीसाठी चहा मागवला.

सदाचा फोन आला तेव्हा उन्हं कलली होती. भरती बांधाच्या काठापर्यंत चढून गेली होती आणि आता खाडी मागे हटत होती. खेकड्यांची भोकं वेळेवर बुजली, नाहीतर आज पाणी आत आलं असतं. घरटी एक टोपली पडली, सदा म्हणाला, आणि तुझ्या घरची मी टाकली. मग तो जरा अडखळला. शेवटी मनुबाईने एक टोपली जास्त टाकली, म्हणाली ही रेवाची. तिचं घर तळखारात नसलं तरी असू दे. उघाडीचं तोंड मात्र आम्ही मोकळंच ठेवलंय, काळजी करू नको.

भागोजी बरं म्हणाला. फोन ठेवल्यावर मात्र तो ढसढसा रडला, आणि ते अर्थातच सगळ्या दवाखान्याने ऐकलं.

त्या संध्याकाळी रेवाची हालत आणखी बिघडली नाही. डॉक्टर घरी जाताना थांबून म्हणाल्या की बिघडली नाही हीच आजची कमाई. दुसरा दिवस तसाच रेंगाळला. यंत्राची हवा, नाकातला शेंबूड ओढणं, नेत्राचं पिळून काढलेलं दूध नळीतून पोटात. त्या दुधातही राखणीचं काही असतं, ते देत राहा, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून येसूबाई लेकीला मेथीचे लाडू आणि पेज एवढी भरवत होती की नेत्राने हात जोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी बरगड्यांखालचा खड्डा उथळ झाला. जाड नळी जाऊन पुन्हा बारीक नळी आली. मग एका दुपारी रेवाने आईच्या अंगावर तोंड लावलं, थोडं प्यायली, थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा लागली. नेत्राने काचेकडे बघून मान हलवली. रावजी तेव्हा तिथे होता, तो रोजच येत होता. त्याने खिशातून नोट काढून रखवालदाराला पेढे आणायला पाठवलं, आणि आपणच गाडी बंद ठेवली असा त्याचा पुढे कायमचा समज झाला.

येसूबाईला हात धुऊन, तोंडाला मास्क लावून आत सोडण्यात आलं. भागोजीला नाही. त्याचा खोकला अजून होता. त्याने एकदाच विचारलं, नाही म्हटल्यावर पुन्हा विचारलं नाही.

रेवाला घरी आणलं त्या सकाळी तळखारात पुन्हा घरटी एक माणूस जमला. या वेळी हाक कुणी दिली नव्हती. पण भागोजी पुढे मोटरसायकलवर येऊन उभा होता आणि त्याने आधीच नियम सांगून ठेवला होता. बाळाला कुणी हात लावायचा नाही. बघायचं ते ओट्याखालून बघायचं. आणि ज्याला सर्दी, खोकला, घशाची खवखव, काहीही असेल त्याने अंगणाच्या पलीकडे चिंचेखाली जायचं. तिथून पुढे एक पाऊल टाकलं तर मग मला जोळ बिळ काही सांगू नका. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. गणपतीतली सर्दी एव्हाना सगळ्यांची ओसरली होती. चिंचेकडे कुणीच जाईना.

मग भागोजीने घसा खाकरला, तोंडावर रुमाल धरला आणि तो स्वतः अंगण ओलांडून चिंचेखाली जाऊन उभा राहिला. एकटाच. सगळ्या गावाने वाट करून दिली. कुणी हसलं नाही, सदाला हसू येत होतं तरी.

सदाची रिक्षा आली. नेत्रा उतरली आणि ओट्यावर बसली. रेवा थोडी वाळली होती, पण श्वास शांत होता, पोट हलकेच वरखाली होत होतं. इतक्या माणसांचे चेहरे बघून ती रडायला लागली. नेत्राने हलवलं, येसूबाईने चुचकारलं, मनुबाईने लांबूनच टाळ्या वाजवल्या. पोर काही केल्या थांबेना.

नेत्राने मान वर करून चिंचेकडे बघितलं.

"बाबा, हाक मारा."

एवढ्या लांबून नातीशी बोलायला तळखारात एकच माणूस लायक होता. भागोजीने तोंडावरचा रुमाल काढला नाही. रुमालाआडूनच त्याने खाडीवर द्यायचा तो सगळा आवाज लावला आणि रेवाच्या नावाने आरोळी ठोकली. पलीकडे बांधावरचे बगळे उडाले.

रेवा रडायची थांबली, आणि तिने चिंचेकडे मान वळवली.